व्हेपची टाकी गळते, सिगारेट सुटत नाही

प्रश्न : ताई, मी हर्णै बंदराजवळ होड्यांच्या इंजिनदुरुस्तीचं काम करतो. वय ३९. सिगारेट कॉलेजपासून आहे, आता दिवसाला पंधरा-सोळा होतात. पहिली उठल्या उठल्या, चहाबरोबर. धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याने मला व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणून दिलं. पहिले पंधरा दिवस सिगारेट पाच-सहावर आली, घरचेही खूश झाले. पण टाकी सारखी गळते. खिशाला डाग, बोटं चिकट, ओढताना तोंडात कडू थेंब येतो. मग आतली कॉइल जळली, करपट चव यायला लागली. दुसरी कॉइल इथे कुठे मिळत नाही. सिगारेट पुन्हा होती तेवढी झाली. भाऊ शिमग्याला येतोय. न गळणारी टाकी कुठली, हवा वरून घेणारी चांगली की खालून, काच घ्यावी की प्लास्टिक, ते सांगा म्हणजे त्याला नेमकी तीच आणायला सांगतो. मेडिकलमधलं निकोटिनचं च्युइंगम खाऊन बघितलं. घशाला मिरची लागल्यासारखं होतं, उचकी लागते, तलफ काही जात नाही. मला खरंच सोडायची आहे. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे.
— एक वाचक, हर्णै, ता. दापोली

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही ओझरती सांगून पुढे गेलात. पंधरा दिवस तुमची सिगारेट पाच-सहावर आली होती. म्हणजे निकोटिन दुसऱ्या वाटेने मिळालं तर तुमचं शरीर सिगारेटसाठी अडून बसत नाही. तलफ निकोटिनची असते. फुप्फुसं आणि हृदय बिघडवतो तो मुख्यतः जळलेल्या तंबाखूचा धूर, त्यातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. तेव्हा काही महिने निकोटिन दुसरीकडून घ्यायचं, धूर बंद करायचा, आणि मग निकोटिनही हळूहळू उतरवायचं, ही तुमची दिशा बरोबरच आहे. माझा विरोध आहे तो टाकीला. पण तुम्ही जे विचारलंत त्याचं सरळ उत्तर आधी देते. तुम्ही यंत्रातले माणूस आहात. टाकी का गळते हे नीट कळल्याशिवाय माझं पुढचं म्हणणं तुम्हाला पटायचं नाही.

टाकीत निकोटिनचं द्रव असतं आणि तिच्यातली कॉइल ते तापवून त्याची वाफ करते. एरवी हे द्रव बाहेर येत नाही, कारण वर अडकलेल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. कोंबड्यांना पाणी ठेवायचं उपडं भांडं असतं ना, त्यातून ताटलीत लागेल तेवढंच पाणी उतरतं, तसंच इथे कापसात उतरतं. तुम्ही ओढलं की कॉइलभोवतीच्या कापसातलं द्रव वाफ होऊन जातं, तेवढंच टाकीतून कापसात येतं आणि तेवढ्याच हवेचा बुडबुडा वर चढतो. हा कमी दाब मोडला की गळती सुरू होते. झाकणाची किंवा काचेखालची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, चेपली, तिला चीर गेली, कॉइल शेवटपर्यंत आवळली नाही, तर बाहेरची हवा आत शिरते आणि द्रव खालच्या हवेच्या भोकातून निघून येतं. भरताना हवेची फट उघडी राहिली तर झाकण फिरवताना दाब पडून द्रव कॉइलमध्ये ढकललं जातं. म्हणून फट बंद करून भरायचं, झाकण लावायचं, मग फट उघडायची.

दुसरं कारण द्रवाचं. त्यात दोन मुख्य गोष्टी असतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ, आणि भाजीपाल्यापासूनचं ग्लिसरीन दाट. जास्त वाफ सोडणाऱ्या, एक ओहमपेक्षा बऱ्याच कमी रोधाच्या कॉइलची भोकं मोठी असतात. तिच्यात पातळ द्रव घातलं तर ते कापसात थांबतच नाही. उलट सिगारेटसारखं आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढायच्या बारीक कॉइलमध्ये दाट द्रव घातलं तर ते वेळेवर पोचत नाही, कापूस कोरडा पडतो आणि करपतो. तुमची करपट चव बहुधा अशीच आली, किंवा नवी कॉइल बसवल्यावर कापूस भिजायला पाच-दहा मिनिटं दिली गेली नाहीत. तोंडात येणारा कडू थेंब मात्र प्रत्येक वेळी गळतीचाच असतो असं नाही. नळीत वाफ थंड होऊन साचते. शिवाय सिगारेट ओढणारा माणूस सवयीने जोरात आणि पटकन ओढतो. व्हेप तसं ओढलं की कच्चं द्रवच वर येतं.

हवा वरून घेणारी टाकी कमी गळते, हे खरं. हवेची वाट द्रवाच्या पातळीच्या वर असते, त्यामुळे निथळून जायला खाली भोकच नसतं. काच प्लास्टिकपेक्षा बरी, कारण लिंबूवर्गी आणि दालचिनीच्या काही चवींनी प्लास्टिकला तडे जातात. पण एक ध्यानात घ्या. अर्धी रिकामी टाकी खिशात ठेवून तुम्ही उन्हातून गाडीवर हर्णैहून दापोलीला गेलात, की आतली हवा तापून फुगते, द्रव पातळ होतं, आणि ती हवा द्रवाला बाहेर ढकलते. उत्तम टाकीतही हे होतं. विमानातही तेच. वर केबिनचा दाब कमी असतो, म्हणून द्रव असलेली टाकी प्रवासात गळू शकते. त्यात आपली हवा खारी. बॅटरी आणि टाकी जिथे जुळतात तो संपर्क या हवेत गंजतो. तो घासून लख्ख ठेवावा लागतो, आणि गळलेलं द्रव तिथे साचलं तर बॅटरीलाही धोका.

तर अशी टाकी असते. निगा राखली तर ती फार गळतही नाही. तरीही भावाला ती आणायला सांगू नका.

तुमचं व्हेप नेमकं कशाने हरलं ते बघा. गळतीने तुम्ही वैतागलात, पण सोडलं नव्हतंत. सिगारेट परत आली ती कॉइल जळली आणि दुसरी मिळाली नाही म्हणून. कॉइल काही टाकीबरोबर जन्मभर टिकणारी वस्तू नाही. रोज वापरली तर आठवड्या-दोन आठवड्यांत, फार तर त्याहून थोड्या जास्त दिवसांत ती बदलावीच लागते. द्रवाच्या बाटल्या संपतात, ओ-रिंगा बदलाव्या लागतात. हे सगळं तुमच्याकडे येणार ते वर्षातून एक-दोनदा, भावाच्या बॅगेतून. तो बोटीवर असेल, बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असेल, रात्री अकरा वाजता कॉइल जळेल, आणि टपरीवर सिगारेट मात्र मिळेल. तुमच्याच धंद्यात बघा, ज्या इंजिनाचा सुटा भाग दापोलीत मिळत नाही ते इंजिन तुम्ही गिऱ्हाइकाला घ्यायला सांगाल का? सिगारेट सोडायला लागणाऱ्या वस्तूचा भरवसा मी असाच जोखते. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी ती बाजारपेठेत मिळाली पाहिजे.

आणि ती बाजारपेठेत मिळणार नाही, कारण आपल्याकडे तिच्यावर बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, परदेशातून आणणं, नेणं, विकणं, वाटणं, तिची जाहिरात करणं, हे सगळं गुन्हा आहे. निकोटिन असो वा नसो. पूर्ण वस्तू असो की तिचा सुटा भाग, म्हणजे नुसती टाकी किंवा नुसत्या कॉइलसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवण्याला वेगळी शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळं शिक्षेचं कलम नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल, आणि ते बरोबरही आहे. पण आणणाऱ्यासाठी आहे, आणि आणणारा तुमचा भाऊ आहे. विमानतळावर कस्टमने बॅग उघडली तर उत्तर त्याला द्यावं लागेल. बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाला पोलीस केस परवडत नाही. तुमची सिगारेट सुटावी म्हणून त्याने हा धोका पत्करायचा, हे मला तरी पटत नाही.

तुम्ही म्हणाल, ब्रिटनमध्ये तर डॉक्टरच व्हेप घ्यायला सांगतात. सांगतात, खरं आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना ते सुचवते, आणि निकोटिनच्या व्हेपने च्युइंगम किंवा कातडीवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सुटते असं कोक्रेन या, वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही निघालं आहे. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तिथे टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, द्रवाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नाही, निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि माल आधी सरकारदरबारी नोंदवावा लागतो. आपल्याकडे मुंबईत चोरून जे विकलं जातं त्यावर कुणाचाच डोळा नाही. बाटलीवर काय छापलंय आणि आत काय आहे, याचा संबंध असेलच असं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ माणसं गेली. त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेलं, अनधिकृत मार्गाने मिळवलेलं द्रव ओढलं होतं, आणि ते दाट करायला ‘ई’ जीवनसत्त्वाचं तेलकट रूप मिसळलेलं होतं. भावाची बॅग बंद झाली म्हणून कुणाच्या ओळखीने मुंबईहून मागवायचा विचार मनात आला, तर ही गोष्ट आठवा.

आता च्युइंगम. तुम्ही ते टाकून दिलंत. माझं निम्मं आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे गेलं, आणि तुमची तक्रार मी शब्दशः अशीच अनेकांकडून ऐकली आहे. दोष च्युइंगमचा नसतो. ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. या च्युइंगममधलं निकोटिन पोटातून उपयोगी पडत नाही, गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं. भराभर चावलं की ते सगळं एकदम सुटतं, लाळेबरोबर घशाखाली उतरतं, घशाला मिरची लागते, पोट ढवळतं, उचकी लागते, आणि रक्तात जेवढं जायला हवं तेवढं जात नाही. तुमचं तेच झालं.

ते असं घ्या. सावकाश चावायचं. तिखट चव आली किंवा तोंडात चुरचुरलं की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये ते दाबून ठेवायचं. मिनिटभराने चुरचुर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचं. एक च्युइंगम असं अर्धा तास चालतं. लाळ शक्यतो गिळायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत आंबट काही प्यायचं नाही. तोंडात आम्ल असेल तर गालातून निकोटिन शोषलंच जात नाही. आपल्याकडे ही अडचण मोठी आहे. जेवणात सोलकढी, दुपारी कोकम सरबत, मधल्या वेळेला चहा-कॉफी, हे सगळं आम्लाचंच. तुम्ही जेवण झाल्यावर, सोलकढीचा पेला संपवून, लगेच च्युइंगम तोंडात टाकत असाल तर त्याचा उपयोग शून्य. आधी पाण्याने खळखळून चूळ भरा, थोडं थांबा, मग घ्या.

मात्राही चुकली असणार. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते, त्या माणसाचं अवलंबन जास्त असतं, आणि त्याला २ मिलिग्रॅमचं च्युइंगम अपुरं पडतं. तुम्हाला ४ मिलिग्रॅमचं लागेल. २ चं कुठल्याही मेडिकलमध्ये सहज मिळतं, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. आणि तलफ चढल्यावर एक, असं घेऊ नका. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, ठरवून, तलफ नसली तरी. नंतरचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, मग आणखी तीन आठवडे चार ते आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. तुम्ही जे केलं असेल ते दिवसात दोन-तीन, तेही सिगारेटच्या अधूनमधून. एवढ्याने काही होत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे निकोटिनची पट्टी. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिलिग्रॅमची सहा आठवडे, मग १४ ची दोन आठवडे, मग ७ ची दोन आठवडे, असा साधारण क्रम असतो. सकाळी लावायची, दुसऱ्या दिवशी काढून नवी वेगळ्या जागी. ती दिवसभर संथपणे निकोटिन देत राहते, आणि मधूनच जोरात तलफ आली तर वरून च्युइंगम. पट्टी आणि च्युइंगम एकत्र घेतलेलं नुसत्या एकापेक्षा जास्त लागू पडतं, आणि तुमच्यासारख्या सकाळीच सुरुवात करणाऱ्याला मी हेच सुचवेन. फक्त मात्रा डॉक्टरांकडून बसवून घ्या. आपल्याकडच्या घामात पट्टी सुटते, तुमचं काम तर इंजिनाच्या उष्णतेतलं. दंडाच्या वरच्या भागावर, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर, तेल न लावता ती चिकटवा आणि तळहाताने दहा सेकंद दाबून धरा. पट्टी लहान दुकानात बहुतेक वेळा ठेवलेली नसते. दोन दिवस आधी सांगून मागवून घ्या, आणि महिन्याभराची एकदम घ्या.

तिसरी वाट गोळ्यांची, व्हॅरेनिक्लिन. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. सिगारेट बंद करायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, साधारण बारा आठवडे चालते. मळमळते, म्हणून जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात ही गोळी आणि निकोटिनचं च्युइंगम-पट्टी, दोन्ही आहेत. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. छातीत दुखणं, हृदयाचा ठोका चुकणं, आधीचा झटका, फिट, अल्सर, यातलं काही असेल तर आधी ते सांगा, मग औषध ठरेल. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रंही चालतात. रत्नागिरीला काम निघालंच तर आधी फोन करून विचारून जा.

आणि एक फोन नंबर तुमच्या खिशात रोज असतो. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला आहे, १८०० ११ २३५६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. नुसतं ‘सोडा’ म्हणून ठेवून देत नाहीत. तारीख ठरवून घेतात, पहिल्या दिवसांत तेच परत फोन करतात. लाजू नका.

तारखेबद्दल. तुमच्या धंद्यात लोक म्हणतात, मासेमारी बंद झाली की सोडू. पण १ जूनला बंदी लागते तेव्हाच होड्या वर ओढल्या जातात आणि सगळी इंजिनं तुमच्याकडे उघडायला येतात, ३१ जुलैच्या आत बांधून द्यायची असतात. वर्षातले तुमचे सगळ्यात धावपळीचे दिवस ते. तोवर थांबू नका. शिमग्याच्याही आतली, पुढच्या दोन आठवड्यांतली तारीख धरा. म्हणजे पालखी घरी येईल, गावचे सगळे जमतील, बाटल्या उघडतील, तेव्हा तुमचे पहिले कठीण दिवस मागे पडलेले असतील. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड होईल, डोकं दुखेल, झोप मोडेल, कामात लक्ष लागणार नाही. आठवडाभराने जोर कमी होतो, तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. एकेक तलफ मात्र थोडी मिनिटंच टिकते. तेवढ्यात हाताला काम द्या. तुमच्याकडे त्याची वाण नाही.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुराने शरीरातलं कॅफिन लवकर निचरतं. धूर बंद झाला की तोच चहा, तीच कॉफी जास्त चढते. हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री झोप येत नाही, आणि माणसाला वाटतं सिगारेट सोडल्याने हे होतंय, म्हणून तो परत पेटवतो. त्या तारखेपासून चहा निम्म्यावर आणा. सकाळचा पहिला चहा तर काही दिवस पूर्ण बदला, त्याच्याऐवजी पेज घ्या, किंवा जागा बदला, ओटीवर न बसता स्वयंपाकघरात बसून प्या. तुमची पहिली सिगारेट त्या चहाला बांधलेली आहे.

आणि कमी करत करत सोडेन, या वाटेवर फार दिवस रेंगाळू नका. पाच-सहावर आलात याचा घरच्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोकाही वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणात निघालं. विसाव्या हिश्श्याने ओढली म्हणून धोकाही विसावा हिस्सा, असा हिशोब शरीर धरत नाही. पूर्ण बंद केली, तर मात्र वर्षभरात तो धोका निम्म्याच्या आसपास उतरतो. सिगारेटच्या जागी खलाशांकडून तंबाखूची चिमूट घेणं, किंवा घरातल्या कुणाच्या डबीतली मशेरी लावणं, हेही नको. तोंडाचा कॅन्सर त्या वाटेने येतो.

मुलीबद्दल लिहिलंत म्हणून हे आजच करा. त्या व्हेपच्या द्रवाची बाटली घरात कुठे आहे? १० मिलिलिटरची, मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची एक बाटली म्हणजे २०० मिलिग्रॅम निकोटिन. त्याला फळाचा वास, गोडसर चव. लहान मुलाच्या पोटात त्यातलं थोडंसं गेलं तरी जिवावर बेतू शकतं, आणि ते कातडीतूनही आत जातं. गळकी टाकी बिछान्यावर, टेबलावर ठेवत असाल तर तो चिकट थेंब तिच्या हाताला लागू शकतो. बाटली, टाकी, कॉइल एका डब्यात घट्ट बंद करून तिच्या हाताला न येईल अशा ठिकाणी ठेवा आणि घरातून लवकरात लवकर बाहेर काढा. द्रव मोरीत किंवा खाडीत ओतू नका, बॅटरी चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका, ती फुटते. बॅटरी शहरात ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. हेच पुढे पट्टीलाही लागू. वापरून काढलेल्या पट्टीत निकोटिन शिल्लक असतं. चिकट बाजू आत दुमडून टाका, च्युइंगमची पाकिटं वर ठेवा. मुलीने काही तोंडात घातल्याचा नुसता संशय आला, तरी उलटी करवत बसू नका, पाकीट हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.

भावाला रागावू नका. त्याने तुमच्यासाठी जे सुचलं ते केलं. त्याला फोनवर सांगा की बॅगेत काही आणू नको, पण शिमग्याला आलास की माझ्याबरोबर टपरीवर उभा राहू नको. तो स्वतः व्हेप ओढत असेल तर इथल्या विमानतळावर उतरण्याआधी त्यानेही ते मागे ठेवून यावं.

एखाद्या संध्याकाळी मासळीच्या लिलावात कुणी सिगारेट पुढे करेल आणि तुमच्याकडून ओढली जाईल. असं झालं तर पट्टी तशीच राहू द्या, च्युइंगमच्या वेळा चुकवू नका, हातात पाकीट असेल तर ते तिथेच देऊन टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी १८०० ११ २३५६ ला फोन करून सांगा की काल एक झाली, आणि ती कुणाबरोबर, कशानंतर झाली तेही सांगा. सोमवारी ते बंद असतात. त्या दिवशी मला लिहा.